उजवा दोर रोक्कूचा, डावा बार्बराचा

दगड घरी आणून दे, असं माझे वडील कधीही म्हणाले नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावात आता वेगळंच बोललं जातं. ते फक्त रोज संध्याकाळी कॉफी संपली की कप बशीत ठेवायचे, शेताच्या दिशेला मान वळवायचे आणि म्हणायचे, "चला, ऊन उतरलं." एवढंच. चला म्हणायचे आणि बसून राहायचे. पूर्वी या 'चला'नंतर दोघं जण खरोखरच उठून चालायला लागायची. आता दुसरं माणूस नव्हतं, आणि पहिल्या माणसाच्या खुब्यात पोलादी सांधा बसवलेला होता.

आमचं शेत म्हणजे माल्टाशेजारच्या गोझो बेटाच्या पश्चिम कड्यावरचा, तीन बाजूंनी फड्या निवडुंगाने आणि चौथ्या बाजूने समुद्राने कुरतडलेला एक तुकडा. त्याच्या टोकाला ही शिळा. पलंगाएवढी लांब, गुडघ्याएवढी उंच, वरून गुळगुळीत. ती तिथे कोणी आणली, की पहिल्यापासून तिथेच होती, कोणाला ठाऊक नाही. तिच्यावर माझी आई, फिलुमेना, रोज संध्याकाळी शेंगा सोलत बसायची, आणि शेजारी बसून वडील तिला आपल्या बेटावरची देवळं प्राचीन लोकांनी कशी बांधली ते सांगायचे. वडील भूगोलाचे मास्तर. बसगाडीएवढाले दगड, चाक नाही, लोखंड नाही, मग हलवले कसे? तर दगडी गोळ्यांवरून घरंगळत! हे ते अशा थाटात सांगायचे की जणू बातमी आज दुपारीच बोटीने आली. आई लग्नापासून ऐकत होती. ती म्हणायची, "एवढे हुशार होते ना, मग त्यांना एकदा आपली पाण्याची टाकी गच्चीवर चढवायला बोलाव."

आई गेल्यावर वडिलांचा विषयच संपला. म्हणजे देवळं होती तिथेच होती, पण सांगायचं कोणाला? नंतर तो खुबा निघाला, आणि डॉक्टरांनी शेताकडे जाणाऱ्या खडकाळ गल्लीत पाऊल टाकायला सक्त मनाई केली. म्हणून मी ठरवलं, वडील शिळेपाशी जाऊ शकत नसतील तर शिळा वडिलांपाशी येईल. हे वाक्य मला तेव्हा फार सुंदर वाटलं होतं. विमा कचेरीत काम करणाऱ्या माणसाने सुंदर वाक्यांपासून लांब राहावं. आमच्याकडे बहुतेक दाव्यांची सुरुवात तिथेच होते.

मी क्रेनवाल्याला नेऊन गल्ली दाखवली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे मातीचुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले दगड. त्यांना कायद्याचं संरक्षण. क्रेनवाल्याने गल्लीत उभं राहून दोन्ही हात पसरले. दोन्हीकडे बोटं गडग्याला टेकली. मग त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याचे हात लांब केलेत.

"शेतांमधून आणतो," तो म्हणाला. "मधल्या मालकांच्या सह्या आण."

मधला एक मालक मेलबर्नला होता. दुसरा मेला होता, आणि त्याच्या मुली एकमेकींशी बोलत नव्हत्या. तिसरा जिवंत होता, इथेच होता, सगळ्यांशी बोलत होता, पण आमच्याशी नाही, कारण आम्ही सान रोक्कूचे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमच्या गावात दोन संत आहेत आणि त्यांच्या मिरवणुकीत वाजवणारे दोन बँड क्लब. आम्ही सान रोक्कूवाले. समोरच्या फुटपाथपासून पुढे सांता बार्बरावाले. दोन्ही संत बिचारे शतकानुशतकं स्वर्गात आहेत आणि तिथे त्यांचं आपसात चांगलंच जमत असणार. पण खाली एकाच्या जत्रेत जितके पेटार्ड उडतात, त्याहून एक तरी जास्त दुसऱ्याच्या जत्रेत उडालाच पाहिजे. पेटार्ड म्हणजे आमचा आभाळात फुटणारा बाँब. त्यात दिसण्यासारखं काही नसतं. फक्त आवाज असतो, आणि तो पलीकडच्या क्लबला उद्देशून असतो.

शेजारपाजारचे सल्ले तर फुकटच होते. आमच्या बाजूच्या जान्ना काकू म्हणाल्या, "अरे रेमीज, तसलाच दुसरा दगड आणून अंगणात टाक. त्याला काय कळतंय?"

"त्यांना कळेल, काकू."

"मग आधी त्याच्या चष्म्याचा नंबर बदल, मग आण."

समोरचा चेन्सू काका खाटीक, आणि सांता बार्बरा क्लबचा अध्यक्ष. वडील आणि तो एकाच बाकावर शिकले, पण कुठल्याशा जत्रेत कोणाच्या मिरवणुकीला चर्चची मोठी घंटा वाजली यावरून त्यांचं बोलणं तुटलं. तेव्हापासून ते माझ्यामार्फत बोलतात. मी बोलायला लागलो तो बहुधा याच गरजेपोटी. चेन्सू काका म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, चार तुकडे करून आण. पुढचे दोन, मागचे दोन. आम्ही गाय तशीच आणतो."

शेवटी मी रीतसर परवानगी काढायला कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "दगड प्राचीन आहे का?"

"माहीत नाही."

"प्राचीन असेल तर हलवता येणार नाही."

"आणि नसेल तर?"

"तर मग तो नुसता दगड. नुसता दगड उचलायचा म्हणजे खाणकाम. त्याचा परवाना वेगळा."

"खाणीतला नाही हो, तो असाच आहे. निसर्गाने ठेवलेला."

"निसर्ग आमच्याकडे नाही. निसर्ग माल्टाला, बोटीने पलीकडे. मंगळवारी."

मी केविलवाणा चेहरा केला. तो मला चांगला जमतो, सराव आहे. बाई जरा विरघळल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे सगळं यंत्राने हलवायचं तर. हाताने हलवायचं असेल तर आमच्याकडे नियमच नाही. हाताने एवढा दगड कोण हलवतंय?"

मी घरी येऊन हे वाक्य जसंच्या तसं वडिलांना सांगितलं. सांगायला नको होतं. वडील कॉफीचा कप हातात तसाच धरून उभे राहिले. खुब्याचा सांधा बसल्यापासून ते आधाराशिवाय असे कधी उभे राहिले नव्हते.

"कोण हलवतंय म्हणाली ती?" ते म्हणाले. "कोण हलवतंय? तिचे पूर्वज हलवत होते!"

त्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा आवाज आला. वडिलांनी माळ्यावरून शाळेतला फळा काढायला लावला, त्यावर शिळा काढली, शिळेखाली गोळे काढले, गोळ्यांखाली फळ्यांची वाट काढली. जेवताना मिठाची बरणी शिळा झाली आणि तिच्याखाली वाटाणे गोळे झाले. वाटाणे चिरडले. मी ते पाहिलं होतं. पण आई गेल्यापासूनच्या दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. वाटाण्यांवरून त्याला टोकायचं माझ्या जिवावर आलं.

गोळे आणायचे कुठून? उत्तर आमच्या नाकासमोर होतं, आणि तेच चुकीचं होतं. आमच्या गावात प्रत्येक घराच्या फाटकाला दोन खांब आणि प्रत्येक खांबावर एक दगडी गोळा. कलिंगडाएवढा, शोभेचा. मी दारोदार गोळे मागत फिरलो. माणसं लग्नात मुलगी द्यावी तसे गोळे देत होती. जान्ना काकूंनी अट घातली की त्यांचे दोन पहिल्या रांगेत राहतील. "माझ्या सासऱ्यांनी बसवलेले आहेत. मागच्या रांगेत गेले तर त्यांना काय वाटेल?" सासरे कधीच वारले होते. मी शब्द दिला. एका घरी नवऱ्याचा गोळा कुठला आणि बायकोचा कुठला यावरून भांडण झालं आणि मला दोन्ही न घेताच परतावं लागलं. तरी आठवड्याभरात आमच्या अंगणात गोळ्यांचा ढीग झाला आणि गावातले निम्मे खांब बोडके दिसायला लागले.

माणसं मिळणं अवघड होतं. रोक्कूच्या क्लबातले एका दोराला पुरले. दुसऱ्या दोराला बार्बरावाल्यांशिवाय इलाज नव्हता. चेन्सू काका ताबडतोब तयार झाला, इतक्या ताबडतोब की मी घाबरलो.

"तुझ्या बापाला सांग," माझ्या बापाच्या समोर उभं राहून तो म्हणाला, "फिलुमेनाचा दगड आहे म्हणून येतोय. तिने माझ्या आईच्या आजारपणात सूप आणलं होतं. पण रोक्कूच्या मागे उभे राहणार नाही आम्ही."

"त्याला सांग," वडील म्हणाले, "दोर दोन आहेत. उजवा रोक्कूचा, डावा बार्बराचा. कोणी कोणाच्या मागे नाही."

"दोर सारखे आहेत का विचार."

"सारखे आहेत म्हणावं."

"कापले कोणी, विचार."

"मी कापले म्हणावं."

"मग आम्ही ताडून बघणार."

त्यांनी ताडून पाहिलं. रोक्कूचा दोर वीतभर लांब निघाला. तो कापला. कापल्यावर बार्बराचा चार बोटं लांब निघाला. तो कापला. न्याय होईपर्यंत दोर इतके आखूड झाले की दोन्हीकडच्या निम्म्या माणसांना धरायला दोरच उरला नाही. ती मागे उभी राहून पुढच्यांच्या कमरेला धरून ओढणार असं ठरलं. वडील म्हणाले, प्राचीन लोकही बहुधा असंच करत असतील. त्या दिवसांत काहीही बिघडलं तरी वडिलांना प्राचीन लोकांबद्दल नवी माहिती मिळायची.

मग ताल. सगळ्यांनी एकाच वेळी ओढायचं तर ताल हवा. रोक्कूवाले म्हणाले आमच्या बँडची मार्चधून, बार्बरावाले म्हणाले आमच्या. पाद्री दुन साल्व समेट करायला आले. "अरे, मरियम मातेचं गीत म्हणा! ती दोन्ही संतांना वंदनीय आहे."

चेन्सू काका म्हणाला, "मान्य आहे, फादर. पण कुठल्या चालीत?"

दुन साल्व आल्या पावली परत गेले. शेवटी दोन ढोल आले. दोघांनी सूर न लावता नुसता एकच ठेका धरायचा, असं ठरलं. दोन्ही ढोलकऱ्यांनी ते संतांची शपथ घेऊन कबूल केलं. अर्थात आपापल्या.

तो रविवार होता. आकाश निळंभोर, बायकांनी गडग्यावर पास्तित्सीचे, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत खारीचे खोके आणि वाइनच्या बाटल्या मांडलेल्या. वडिलांना खुर्चीसकट चौघांनी उचलून शेतात नेलं. रोज असंच नेता आलं असतं, हे मला नंतर फार आठवलं. वडिलांनी पुढे खुर्ची मांडून घेतली आणि शाळेतली पट्टी वर केली. पहारींनी शिळा उचकटली, खाली फळ्या गेल्या, फळ्यांवर गोळे, पहिल्या रांगेत जान्ना काकूंचे. पट्टी खाली आली. दोन ढोल एकदम वाजले. दोन दोर ताणले. काहीच झालं नाही. पुन्हा पट्टी. पुन्हा ढोल. आणि तो दगड हलला.

हलला म्हणजे हललाच. आधी कुरकुरला, मग डुलला, मग अंगात आल्यासारखा घरंगळत पुढे निघाला. मागून सुटलेले गोळे उचलून पोरंपोरी पुढे धावत होती. रोक्कूवाले बार्बरावाल्यांना "शाब्बास!" म्हणत होते. मी स्वतः ऐकलं. वडील खुर्चीत अर्धवट उठून ओरडत होते, "हलला! बघ, सांगत होतो की नाही! हलला!" जन्मभर त्यांनी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. प्रत्यक्ष कधीच पाहिलं नव्हतं. ते हसत हसत सवयीने बाजूला वळले.

बाजूला जान्ना काकू पास्तित्सी खात होत्या. वडील थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग पुन्हा दगडाकडे बघू लागले.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण शिळा चालू असताना थांबा म्हणणारा माणूस आमच्या बेटावर आजवर जन्मला नसावा.

गल्लीच्या निम्म्यावर वळण आहे, उजवीकडे. आता वळणावर बाहेरच्या बाजूला जास्त चालावं लागतं, म्हणून शिळेचा डावा कोपरा पुढे आला. यात कोणाचीच बहादुरी नाही, नुसती भूमिती आहे. पण बार्बराचा दोर डावीकडे होता, आणि बार्बराचा कोपरा पुढे आला एवढंच बार्बरावाल्यांना दिसलं. कोणीतरी त्यांच्या क्लबच्या गच्चीकडे इशारा केला, आणि वर आभाळात पेटार्ड फुटला.

एकच. पण त्याचा अर्थ रोक्कूच्या प्रत्येक माणसाला पाळण्यापासून कळत होता.

"ओढा रे!" आमच्या बाजूने आरोळी उठली. ढोल सुटले, ठेका गेला, दोन मार्च एकाच वेळी सुरू झाले. उजवा दोर असा खेचला गेला की पुढे यायच्या ऐवजी शिळा जागच्या जागी आडवी फिरली, आणि सगळा भार उजव्या रांगेवर आला. फाटकावरचे गोळे आमच्या मऊ पिवळ्या दगडाचे, नखानेही ओरखडा उठेल असे. देवळांखाली सापडलेले गोळे वेगळ्या, कठीण दगडाचे. हा फरक वडिलांनी दरवर्षी नव्या वर्गाला शिकवला होता. त्या रविवारी तो त्यांना आठवला नाही, आणि मी त्यांच्या वर्गात असताना खिडकीबाहेर बघत होतो.

जान्ना काकूंच्या सासऱ्यांचे गोळे आधी गेले. फट्कन आवाज झाला आणि पीठ उडालं. मग सगळी रांग. फळ्या तडकल्या, शिळा तिरकी झाली आणि एका गडग्यापासून दुसऱ्या गडग्यापर्यंत पाचर ठोकावी तशी घट्ट बसली. पिवळी धूळ खाली बसली तेव्हा दोन्ही ढोल अजून वाजत होते. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढचे दोन दिवस आम्ही शिळा हलवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तक्रार केली आणि कचेरीतून एक तरुण अधिकारी आला. त्याने शिळेखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. गल्लीतली माती खरवडली गेली होती, आणि खालच्या खडकात दोन खोल समांतर चाकोऱ्या उघड्या पडल्या होत्या. आमच्या बेटांवर अशा चाकोऱ्या जागोजाग आहेत. कोणी, कशाने, कशासाठी पाडल्या, यावर विद्वानांची डोकी फुटायची बाकी आहेत. आमच्या शिळेची कड बरोबर एका चाकोरीत बसली होती.

"अप्रतिम!" तो म्हणाला. "आता हिला हात लावायचा नाही."

"अहो, पण ही रविवारी आणलीय आम्ही. शेतातून."

"असेल. पण आता ती काढताना चाकोरीला धक्का लागेल. गडग्यालाही लागेल. दोन्ही संरक्षित."

"मग शेतात जायचं कसं?"

त्याने शिळेकडे, गडग्यांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "शेत संरक्षित नाही," तो सहानुभूतीने म्हणाला.

महिन्याभरात शिळेभोवती लोखंडी कठडा आला. कठड्यावर पाटी आली: चढू नये, बसू नये, हात लावू नये. जान्ना काकूंच्या फाटकावर आता दोन फुलकोबी ठेवल्यासारख्या सिमेंटच्या कुंड्या आहेत आणि काकू माझ्याशी बोलत नाहीत. चेन्सू काका मात्र दुसऱ्याच दिवशी घरी आला होता, हातात मटणाचं पुडकं घेऊन. वडिलांसमोर उभा राहिला आणि मला म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, पेटार्ड मी उडवायला सांगितला नव्हता."

वडील म्हणाले, "त्याला सांग, मला माहीत आहे." मग काठीने खुर्ची दाखवत म्हणाले, "त्याला सांग, बस."

तो बसला. दोघंही काही बोलले नाहीत, त्यामुळे मलाही काम नव्हतं.

डॉक्टरांनी वळणापर्यंत चालायला परवानगी दिली आहे, तिथवर वाट बरी आहे. म्हणून रोज संध्याकाळी मी घरातली खुर्ची घेऊन निघतो आणि वडील काठी घेऊन. खुर्ची कठड्याबाहेर, शिळेला लागून मांडतो. शेतातून समुद्र दिसायचा. वळणावरून चेन्सू काकाच्या गोठ्याची मागची भिंत दिसते. वडील भिंतीकडे बघतात. हात कठड्यातून आत घालून शिळेवर ठेवतात. हा नियमभंग आहे, पण तो पकडायला अजून कोणी आलेलं नाही.

एकदा मी विचारलं, "पा, चिडलायस का माझ्यावर?"

"नाही रे." मग शिळेवरून हात फिरवत म्हणाले, "प्राचीन लोकांकडूनही वाटेत किती दगड राहिले असतील. जे पोचले तेवढेच आपण बघायला जातो."

मी म्हटलं, "तिथेच राहू द्यायला हवा होता."

"हो," वडील म्हणाले. त्यांनी माझी समजूत घालायला नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते मास्तर आहेत. चुकीच्या उत्तराला बरोबर म्हणणं त्यांना जमत नाही, आणि बरोबरला चूक म्हणणंही.

गेल्या आठवड्यात एक पर्यटक जोडपं नकाशा बघत बघत वळणावर आलं. त्यांनी कठडा पाहिला, पाटी पाहिली, आवाज आपोआप हळू केला. नवऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. शिळेला चहूबाजूंनी फेरी मारायचा प्रयत्न केला, पण गडगा आडवा आला. मग तो वडिलांपाशी आला.

"फार प्राचीन आहे का हो?"

वडील कठड्यातून हात बाहेर काढून जरा सावरून बसले. वर्गात कोणी प्रश्न विचारला की बसायचे तसे.

"दगड प्राचीन आहे," ते म्हणाले. "इथे मात्र गेल्या वर्षी आला."

नवरा हसला. म्हाताऱ्यांच्या थट्टेला हसतात तसा. बायकोने शिळेचे फोटो काढले आणि विचारलं, "पण हा कशासाठी असेल? बळी देण्यासाठी? ताऱ्यांचा वेध घेण्यासाठी?"

"बसण्यासाठी," वडील म्हणाले.

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना ते मुळीच पटलं नाही.